सेल्फ घेत नाही

ऑगस्टचा तिसरा शनिवार. डेट्रॉईटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरलेली, म्हणजे अक्षरशः जत्रा, लोक सकाळपासून रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेले, आणि त्या गर्दीच्या जरा बाजूला एका पेट्रोल पंपावर मी माझ्या १९६९ च्या शेव्हेलमध्ये घामाघूम होऊन किल्ली फिरवतोय. गाडी म्हणते, टक. परत फिरवली. टक. हॉर्न वाजतोय, दिवे झकास लागतायत, म्हणजे बॅटरी आहे, पण इंजिन ढिम्म. मागे सहा गाड्यांची लाईन. बायको शेजारी बसून सरळ समोर बघतेय, एक अक्षर बोलत नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा मला जास्त टेन्शन येतं.

आणि माझ्या तोंडून काय निघालं तर, "सेल्फ घेत नाहीये."

अठरा वर्षं झाली या देशात येऊन. ऑफिसात दिवसभर गाड्यांच्या पार्टांचीच ड्रॉइंगं बघतो, स्टार्टर हा शब्द सतत कानावर पडतो, पण घाबरल्यावर मिरजेतला शब्द आला. आणि शब्दापाठोपाठ हातपायही मिरजेतलेच, कारण मी दार उघडून खाली उतरलो, एक हात दाराच्या खांबाला, एक स्टिअरिंगला, आणि धक्का मारायच्या पोझिशनमध्ये उभा. पलीकडच्या लाईनमधला एक पांढऱ्या मिशीवाला म्हातारा हे सगळं बघत होता. तो शांतपणे जवळ आला आणि विचारलं, ऑटोमॅटिक आहे ना रे ही?

हो की. ऑटोमॅटिक. तिला जन्मभर ढकललं तरी सुरू होणार नाही. या गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिन फिरलं तरच फिरतो, चाकं फिरवून तेलाला दाब येत नाही, दाब नाही तर आतले क्लच धरत नाहीत, आणि क्लच धरत नाहीत तर चाकांचं फिरणं इंजिनापर्यंत पोचतच नाही. हे मला माहीत होतं. म्हणजे कागदावर माहीत होतं.

म्हाताऱ्याने माझ्या डिकीतला चाकाचा पाना मागितला, इस्त्रीच्या शर्टावर सरळ डांबरावर आडवा झाला, गाडीखाली हात घालून कुठेतरी ठाक ठाक दोन टोले दिले आणि बाहेरूनच बोट गोल फिरवून खूण केली, मार आता. मारली. सुरू. आजूबाजूच्या दोन-तीन लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. म्हातारा शर्ट झटकत म्हणाला, घरी जाईपर्यंत बंद करू नकोस. नाही केली.

आता जरा गाडीबद्दल, थोडक्यात, कारण एकदा सुरू झालो की थांबत नाही असं घरचे म्हणतात. मसल कार म्हणजे काय तर मध्यम आकाराची, घरगुती, दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन कोंबायचं. १९६४ साली पाँटियाकने जीटीओ काढली तिथून ही लाट उसळली असं मानतात, आणि पुढच्या सात-आठ वर्षांत, म्हणजे विम्याचे हप्ते, प्रदूषणाचे नियम आणि मग १९७३ चं तेल संकट येईपर्यंत, सगळ्याच कंपन्या त्यात उतरल्या. माझी शेव्हेल मालिबू आहे. मागे एसएसचा, म्हणजे याच गाडीच्या जास्त दांडग्या प्रकाराचा, बिल्ला आहे पण तो खोटा, आधीच्या कुठल्यातरी मालकाने चिकटवलेला, मी कुणी विचारलं तर खरं सांगतो आणि नाही विचारलं तर गप्प बसतो. इंजिन ३५० क्युबिक इंचाचं व्ही-एट, म्हणजे ५.७ लिटर. आपल्या दीड लिटरच्या अॅम्बेसिडरची जवळजवळ चार इंजिनं एकत्र बांधली तर एवढं होईल. अशा धुडाला थांबलेल्या अवस्थेतून फिरवायचं काम जी करते ती मोटर, म्हणजेच सेल्फ, उभ्या दुधाच्या बाटलीएवढी असते, आणि ती उजव्या बाजूला, अगदी तळाशी, एग्झॉस्टच्या पाइपांना खेटून बसलेली असते. तिथेच सगळ्या भानगडीचं मूळ आहे असं मला त्या रात्री वाटलं.

वाटायला कारणही होतं. तांब्याचं तापमान एक अंशाने वाढलं की त्याचा विरोध साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. गाडी तासभर पळवून पंपावर बंद केली की हवा खेळत नाही, पाइपांची सगळी धग शेजारच्या मोटरीवर, शंभर अंशांचा फरक सहज, म्हणजे सोलेनॉइडच्या (किल्ली फिरवली की सेल्फचा दात पुढे ढकलून मोटरीला वीज जोडणारा विजेचा चुंबक) कॉइलचा विरोध चाळीस टक्के जास्त, म्हणजे करंट कमी, म्हणजे ओढ कमी. शिवाय किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंतची वायर पन्नास वर्षांची, वाटेत चार जोड, प्रत्येक जोड आपापली दक्षिणा काढून घेणार. गाडी थंड असताना सुरू होते, तापली की रुसते, आणि अर्ध्या तासाने आपली आपण सुरू होते, हे दुखणं या गाड्यांमध्ये इतकं कॉमन आहे की निदान करायला अक्कल लागत नाही. मलाही लागली नाही. सेल्फ गेला, बदलू.

पण हा सेल्फ शब्द त्या रात्री डोक्यातून जाईना. मूळ शब्द सेल्फ-स्टार्टर, आपोआप सुरू करणारा. इथे लोकांनी त्यातला सेल्फ टाकून दिला आणि स्टार्टर ठेवला, आपण स्टार्टर टाकून सेल्फ ठेवला. सेल्फ मारला, सेल्फ घेतो, सेल्फ गेला. परदेशी माणसाला शब्दशः सांगितलं की आमचा सेल्फ गेला, तर तो डॉक्टरकडे पाठवेल.

या शब्दाला सुरुवातीला वजन होतं, कारण सेल्फ येण्याआधी गाडी हँडल मारून सुरू करावी लागे आणि हँडल उलटं फिरलं की मनगट गेलं. डेट्रॉईटात एक गोष्ट अजून सांगतात, की १९०८ च्या सुमारास बायरन कार्टर नावाचा गाड्या बनवणारा माणूस बेल आइलच्या पुलावर अडकलेल्या एका बाईची गाडी सुरू करून द्यायला उतरला, हँडल उलटं बसून त्याचा जबडा मोडला आणि त्यातच पुढे तो गेला, आणि कॅडिलॅकच्या हेन्री लेलँडना हे इतकं लागलं की त्यांनी विजेवरचा स्टार्टर करायचाच असं ठरवलं. गोष्टीच्या तपशिलाला तिखटमीठ लागलेलं असणार, सांगणारे बदलतात तसा पूल आणि बाईही बदलते. पण पुढचं पक्कं आहे. ओहायोतल्या डेटनच्या चार्ल्स केटरिंगने तो स्टार्टर बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅकवर तो आला. केटरिंग आधी कॅश रजिस्टरच्या कंपनीत होता, तिथे त्याने गल्ल्याचा खण उघडायला छोटी विजेची मोटर बसवली होती. बाकीचे म्हणत होते, इंजिन फिरवायला मोटर लावायची तर ती इंजिनाएवढीच होईल. याला गल्ल्यामुळे कळलं होतं की मोटरीला दिवसभर राबायचं नाहीये, दोन-चार सेकंदच जोर लावायचाय, आणि तेवढ्या वेळापुरती छोटी मोटरसुद्धा आपल्या ताकदीबाहेरचं ओढते, जळायच्या आत काम संपतं. मला ही आयडिया फार म्हणजे फार आवडते. दिवाळीच्या आदल्या दिवशी आई घर आवरायची त्याच तत्त्वावर चालणारी मोटर आहे ही.

माझ्या लहानपणी हे सगळं भाऊकाकांच्या दुकानात होतं, फक्त केटरिंगचं नाव तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. मिरजेत एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला पत्र्याचं दुकान, पाटीवर 'सेल्फ, डायनामो, वायरिंग', एवढंच. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे बसायचो. दुकानात कायम ब्लेड तापल्यासारखा, वार्निश आणि रॉकेल मिसळलेला वास. एका डब्यात नवे पितळी बुश, म्हणजे मोटरीचा दांडा ज्यांत फिरतो त्या नळ्या, तेलात बुडवून ठेवलेले असायचे, रात्रभर, लोणच्यासारखे मुरत, मुरल्याशिवाय बसवायचे नाहीत हा नियम. बेंडिक्स, म्हणजे सेल्फच्या दाताचा एकाच दिशेने धरणारा क्लच, रॉकेलात टाकायचा नाही, आतलं ग्रीस धुऊन जातं, हा दुसरा नियम. माझ्याकडे काम एकच, डायनामोच्या कम्युटेटरवरच्या, म्हणजे वीज पोचवणारे कार्बन ज्यावर घासतात त्या गोल भागावरच्या, तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने कोरून किंचित खाली घ्यायचा, अगदी बारीक, नखाला जाणवेल इतका. एकदा मी उत्साहाच्या भरात एका लुकास कंपनीच्या सेल्फचा अभ्रकही असाच कोरून ठेवला. भाऊकाकांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "डायनामोचा कोरायचा, सेल्फचा न्हाई, कितीदा सांगितलं लेका?" मारलं नाही. पण त्या दिवशीचं आईस्क्रीम बुडालं.

आर्मेचर, म्हणजे मोटरीतला तारा गुंडाळलेला फिरता भाग, टेस्ट करायची त्यांची पद्धत तर मी तासन् तास बघत बसायचो. ग्राउलर नावाचं एक यंत्र, व्ही आकाराच्या खाचेत आर्मेचर ठेवायचं, बटण दाबलं की ते गुरगुरायला लागतं, मग हॅक्सॉचं पातं आर्मेचरवर आडवं धरून आर्मेचर हळूहळू फिरवायचं. कॉइल चांगली असेल तर पातं गप्प. शॉर्ट असेल तर त्या जागी पातं थरथरायला लागतं, मधमाशी अडकल्यासारखं. भाऊकाका डोळे मिटून पातं धरायचे. दुकानात गिऱ्हाईक असलं की जास्तच मिटायचे, असा माझा संशय आहे.

मी इंजिनिअर झालो त्याला त्या दुकानाचा वाटा किती आणि त्या दुकानात बसावं लागू नये या वडिलांच्या धसक्याचा वाटा किती, सांगता येणार नाही. भाऊकाका गेले त्याला नऊ वर्षं झाली. दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे.

तर, सप्टेंबरात पहिल्यांदा सेल्फ काढला. गाडी जॅकवर घेतली, स्टँड लावले, मागच्या चाकांना उट्या, बॅटरीची निगेटिव्ह केबल सगळ्यात आधी सोडवली, कारण सेल्फवर येणारी जाड केबल थेट बॅटरीतून येते, मध्ये ना फ्यूज ना स्विच, आणि पाना एकाच वेळी तिला आणि बॉडीला टेकला तर पाना लाल होतो, मग आपण पांढरे होतो. खाली सरकलो. सोलेनॉइडवरची जाड केबल, किल्लीकडून येणारी एक बारीक वायर, इग्निशन कॉइलकडे जाणारी दुसरी बारीक, तिन्ही सोडवल्या, कागदाच्या चिकटपट्ट्या लावून नंबर टाकले. मग खालून वर गेलेले दोन बोल्ट. बस, दोन बोल्टांवर हे सगळं लटकलेलं असतं.

पहिला बोल्ट उघडायला माझ्या हातातला १४ चा पाना बसेना आणि १५ चा ढिला. मग ट्यूब पेटली, ९/१६ इंच. अरे, साडेचार सूत! भाऊकाकांकडे जीप आणि अॅम्बेसिडरसाठी सुती पान्यांचा वेगळा सेट होता, जाड कापडात गुंडाळलेला, आणि आमच्याकडे पाने मागताना नंबर नव्हे, सूतच मागायचे, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत दे, साडेचार दे. मिशिगनमधल्या गॅरेजात उताणा पडून, तोंडावर गंज पडत असताना, मी मोठ्याने म्हणालो, "साडेचार दे." द्यायला अर्थातच कुणी नव्हतं. उठून जाऊन घेऊन आलो.

दुसरा बोल्ट सुटला आणि सेल्फ छातीवर आला. जुन्या पद्धतीचा, डेल्को-रेमी कंपनीचा, आठ-नऊ किलोचा लोखंडी ओंडका. एका हाताने धरीन हा अंदाज साफ चुकला. मिनिटभर तसाच पडून राहिलो, छातीवर सेल्फ, वर इंजिनाचं काळं पोट, कोपऱ्यात थिजलेला तेलाचा एक थेंब पडू की नको करत असलेला. खरं सांगतो, बरं वाटत होतं.

पार्टच्या दुकानात रीबिल्ट सेल्फ घेतला. इथे पद्धत अशी की जुना परत आणून द्या नाहीतर वर डिपॉझिट कापलं जातं, तोच जुना कारखान्यात जाऊन, उघडून, नवा होऊन पुढच्याला विकला जातो. मला याचं फार कौतुक वाटलं, म्हणजे अमेरिकेतही कुठेतरी एक मोठा भाऊकाकांचा पत्रा आहे तर. पण जुना परत द्यायला हात होईना. डिपॉझिटवर पाणी सोडलं आणि जुना वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवला.

नवा तीन आठवडे चालला. मग तो गाडी सुरू होण्याआधी चिरकायला लागला, कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा. दुकानाने तक्रार न करता बदलून दिला. दुसरा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी धाडकन आवाज करून गप्प झाला, खाली वाकून बघितलं तर त्याच्या पुढच्या अॅल्युमिनियमच्या नाकाडाला आरपार तडा. मी पार्टच्या दुकानाच्या नावाने, रीबिल्ट करणाऱ्यांच्या नावाने, चीनच्या नावाने, जो आठवेल त्याच्या नावाने शंख केला. बायको एवढंच म्हणाली, "तीन सेल्फ वाईट निघाले म्हणतोस?" तेव्हा मी ते कानाआड केलं.

मग रस्त्यावर मीठ पडायला लागलं. इथे एकदा मीठ पडलं की जुनी गाडी एप्रिलपर्यंत बाहेर काढायची नाही, पत्रा खाऊन टाकतं. हिवाळा रिकामा, आणि फळीवर वर्तमानपत्रातला जुना सेल्फ.

जानेवारीत एका रविवारी तो उघडला. मागून दोन लांब स्क्रू, ते काढले की मोटर तीन भागांत निघते. मनाची तयारी करून बसलो होतो की कार्बन झिजलेले असतील, कम्युटेटर काळाठिक्कर असेल, सोलेनॉइडमधली तांब्याची चकती जळून खड्डे पडलेली असेल, कारण किल्ली फिरवल्यावर हीच चकती पुढे सरकून दोन जाड टोकं जोडते आणि शेकडो अँपिअर तिच्यातून जातात. तर कार्बन अर्ध्याहून जास्त शिल्लक. कम्युटेटर तपकिरी, गुळगुळीत, व्यवस्थित. चकतीवर ओरखडे, पण अजून पाच वर्षं गेली असती. बुश जरा ढिले, तेवढे नवे मागवले आणि बशीत तेल घेऊन रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी बायकोने विचारलं हे काय मुरत घातलंयस ओट्यावर. ग्राउलर कुठून आणणार, मीटरनेच आर्मेचर तपासलं. ठणठणीत.

म्हणजे मी चांगला सेल्फ काढून त्याजागी दोन चांगले सेल्फ मारले होते.

त्या क्षणी भाऊकाकांचं एक वाक्य आठवलं आणि मी गॅरेजमधल्या स्टुलावर बसूनच राहिलो. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा तीच गाडी घेऊन आलं की ते सेल्फकडे बघायचेच नाहीत, आधी विचारायचे, "बसवला कुणी?"

बोल्ट काढून टेबलावर ठेवले. दोन बोल्ट, झिंक पॉलिश, चकचकीत, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तसे. जाडी बरोबर, तीन सूत, आटे बरोबर. फक्त आटे संपल्यावर वरचा दांडा गुळगुळीत. या इंजिनाच्या सेल्फच्या खऱ्या बोल्टांचा दांडा गुळगुळीत नसतोच. त्यावर कणसाच्या दाण्यांसारखी उभी नक्षी असते, ती नुसती शोभेची नाही, तिच्यामुळे दांड्याची जाडी भोकात नेमकी घट्ट बसेल इतकी होते. म्हणजे हे बोल्ट सेल्फला नुसते आवळत नाहीत, जागेवर नेमून देतात. साधा बोल्ट भोकात किंचित खेळतो. त्या किंचितमध्ये सेल्फ प्रत्येक धक्क्याला तिरका होतो, पिनियनचे, म्हणजे सेल्फच्या टोकावरच्या छोट्या दातेरी चाकाचे, दात इंजिनाच्या मोठ्या दातेरी चाकात, फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये, वाकडे घुसतात, कधी अडकतात, आणि मोटर सगळा जोर लावूनही जागची हलत नाही. टक. टोला मारला की अडकलेला दात सुटतो. सुरू. आणि अडकत अडकत एक दिवस अॅल्युमिनियमचं नाक फुटतं. शिवाय सेल्फच्या दुसऱ्या टोकाला इंजिनाशी बांधणारी एक छोटी पट्टी असायला हवी, ती या गाडीत नव्हतीच, कुणीतरी कधीतरी काढून पुन्हा लावायचा कंटाळा केलेला. नऊ किलोचा ओंडका एका टोकाला धरून दुसरं टोक अधांतरी.

मी दोन्ही वेळा तेच दोन बोल्ट पुसून, आट्यांना तेल लावून, प्रेमाने परत बसवले होते.

कारखान्याच्या मापाचे बोल्ट मागवले, एक लांब, एक आखूड, कारण माझ्या फ्लायव्हीलच्या रिंगला १६८ दात आहेत आणि त्या सेल्फचे दोन बोल्ट तिरक्या रेषेत बसतात. दुसरी रिंग १५३ दातांची असते, तिच्या सेल्फचे बोल्ट सरळ रेषेत, दोन्ही लांब. दात मोजायला झाकण काढून, खडूने एका दातावर खूण करून, इंजिन हाताने फिरवत एकशे अडुसष्ट मोजले, मध्ये एकदा फोन आला आणि परत पहिल्यापासून.

एप्रिलच्या शेवटी सेल्फ चढवला. जुनाच, माझा उघडून बसवलेला. आता पॅकिंग. सेल्फ आणि इंजिनाच्या मध्ये पातळ पत्र्याचे तुकडे घालून पिनियन आणि रिंगमधलं अंतर जुळवतात. पिनियन स्क्रू-ड्रायव्हरने पुढे ढकलून दात दातात बसवायचा आणि मधल्या फटीत साधी कागदाची यू-पिन सरळ करून घालायची, तिची तार इंचाच्या पस्तीस हजारांश भागाएवढी असते, ती जेमतेम सरकली की झालं. एवढ्या रांगड्या इंजिनाचं भवितव्य ऑफिसातल्या यू-पिनेवर. आणि आवाजाचं कोष्टकही पाठ करून टाकलं. इंजिन धरायच्या आधी चिरकला तर दात लांब आहेत, तेव्हा फक्त बाहेरच्या बोल्टाखाली पॅकिंग, म्हणजे सेल्फ रिंगकडे झुकतो. इंजिन सुरू होऊन किल्ली सोडताना किंचाळला तर दात फार जवळ, तेव्हा दोन्ही बोल्टांखाली. तीन आठवडे चाललेला तो पहिला सेल्फ सुरू होण्याआधी चिरकायचा. बिचारा स्पष्ट सांगत होता.

माझी यू-पिन पहिल्यांदा गेलीच नाही. एक पॅकिंग घातलं दोन्हीकडे. सरकली. टॉर्क रेंचने आवळलं, पट्टी लावली, वायरी नंबराप्रमाणे जोडल्या, बॅटरी सगळ्यात शेवटी.

थंड गाडी सुरू झाली, पण थंड तर ती आधीही व्हायची. परीक्षा तापल्यावर. मे महिन्यातल्या पहिल्या गरम रविवारी बायकोला म्हणालो, चल आईस्क्रीम खाऊ, तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं, तरी आली. पाऊण तास हायवेला पळवली, त्याच पंपावर नेऊन उभी केली, बंद केली. आणि थांबलो, मुद्दाम, कारण बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी तिथली उष्णता सगळ्यात जास्त चढते. बॉनेटवरून हवा थरथरताना दिसत होती. आईस्क्रीम संपलं. बायको म्हणाली, "किती वेळ तापवणारेस अजून?"

किल्ली फिरवली. टक नाही. तो जुना, जाड, घोगरा आवाज, घर्र्र्, आणि इंजिन धरलं.

मी बंद केली.

"काय झालं?" ती दचकून.

"काही नाही. परत एकदा मारतो."

सुरू. बंद केली. तिसऱ्यांदा किल्लीला हात घातला तेव्हा तिने तो धरला आणि म्हणाली, आता मागे लाईन लागलीये, घरी जाऊन मार काय मारायचंय ते.